डिकीचा दरवाजा वर थांबत नसेल तर

हॅचबॅक गाडीच्या डिकीचा दरवाजा उघडल्यावर आपोआप खाली येऊ लागला, की त्याचे गॅस स्ट्रट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डिकीचे शॉकअप, थकले असे समजावे. स्ट्रटच्या नळीत उच्च दाबाचा नायट्रोजन आणि थोडे तेल असते. नळीत आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याभोवतीचे सील झिजले की वायू हळूहळू निसटतो. थंडीत हा दाब मुळातच कमी होतो, त्यामुळे केवळ पहाटे दरवाजा जड लागला म्हणून स्ट्रट बदलण्याची घाई करू नये. दांड्यावर तेलाचा ओला थर दिसला, तर मात्र चालढकल नको.

देखभाल म्हणजे मुख्यतः स्वच्छता. चकचकीत दांडा मऊ कापडाने पुसावा. ग्रीस लावू नये, कारण त्यावर चिकटलेली धूळ सील खाते.

नवे स्ट्रट जोडीनेच घ्यावेत आणि जुन्या नळीवर छापलेला न्यूटनचा, म्हणजे जोराचा, आकडा व लांबी जुळवावी. दरवाजाला भक्कम टेकू देऊन, शिवाय तो कोणाला तरी धरायला सांगावे, कारण स्ट्रट निघताच सगळे वजन थेट डोक्यावर येऊ शकते. ही काळजी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बहुतेक गाड्यांत टोकाशी तारेची क्लिप असते. ती बारीक स्क्रूड्रायव्हरने किंचित उचलून स्ट्रटचे टोक ज्या गोळ्यावर बसलेले असते, त्यावरून ते ओढावे. नवा बसवताना, दरवाजा बंद असता दांडा खालच्या बाजूस राहील अशी दिशा ठेवावी, म्हणजे तेल सीलपाशी टिकते, आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे. जुनी नळी कापू, भोसकू किंवा जाळू नये.