बी.ए., एम.ए.चा हिशेब मांडताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. "समाजशास्त्र घेऊ की राज्यशास्त्र? स्कोप कशाला आहे?" स्कोप हा शब्द ऐकला की आता अंगावर काटा येतो. मी स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केलंय, सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) काढलीय, कॉलेजात शिकवलंय आणि आज सर्वेक्षणाच्या कामावर घर चालवतोय. त्यामुळे ही डिग्री घेऊ नका असं मी सांगणार नाही. पण हिशेब तरी नीट मांडा.

फी म्हणजेच खर्च समजणं

गेल्या वर्षी लातूरकडचे एक काका पोराला घेऊन आले. "पुण्यात फी वर्षाला बारा हजार. छत्तीस हजारांत पोरगं ग्रॅज्युएट!" मी त्यांनाच एका पाकिटाच्या मागे आकडे लिहायला लावले. कॉट बेसिसवर खोली चार हजार, मेस साडेतीन हजार, बस, रिचार्ज, झेरॉक्स मिळून दीड हजार. महिन्याचे नऊ हजार, दहा महिन्यांचे नव्वद. तीन वर्षांचे २ लाख ७० हजार, त्यावर फी. म्हणजे एकूण तीन लाखांच्या वर, आणि फी त्यातली जेमतेम १२ टक्के. काका बराच वेळ पाकिटाकडे बघत बसले. मग म्हणाले, "लातुरातबी कॉलेज हायच की." पोरगा हिरमुसला, पण प्रवेश लातुरातच घेतला.

माझं मत विचाराल तर बी.ए. घराजवळ करा आणि पैसा एम.ए.साठी राखून ठेवा. अर्थशास्त्रासाठी पुण्याची गोखले संस्था, लोकसंख्येच्या अभ्यासासाठी मुंबईत देवनारची आयआयपीएस, समाजविज्ञानासाठी टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ही नावं खरी उपयोगाला येतात ती तिथे. टिसचं एक संकुल तर तुळजापूरला आहे, लातूरपासून फार लांब नाही. टिसच्या एम.ए.साठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, हे मात्र पोरांना तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळतं.

"एम.ए., मग नेट-सेट, मग प्राध्यापक"

ही माझी दुखरी नस. सेट निघाली तेव्हा गावात पेढे वाटले. मग एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर लागलो. आठवड्याला नऊ तासिका. शिकवायला सुरुवात जुलैत, हातात आदेश सप्टेंबरात, पहिलं बिल निघालं मार्चमध्ये. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा, सगळं बिनपैशांचं. शेजारच्या खुर्चीवरचे सर बेचाळीस वर्षांचे होते. दरवर्षी नव्याने मुलाखत द्यायचे आणि शनिवारी गावाकडे सोयाबीन बघायला पळायचे. त्यांच्याकडे बघून मी शहाणा व्हायला हवं होतं. नाही झालो. "पुढच्या वर्षी भरती निघतेय" या एका वाक्यावर पाच वर्षं काढली. आई विचारायची, "पगार झाला का रे?" मी म्हणायचो, "बिल निघायचंय." पाच वर्षांत पगार हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

सुटलो तो एका रिकाम्या उन्हाळ्यामुळे. एका घरोघरच्या सर्वेक्षणावर पर्यवेक्षक हवा होता. तिथे सेटचं प्रमाणपत्र कुणी पाहिलंही नाही. प्रश्नावली तपासता येते का आणि एक्सेलमध्ये डेटा साफ करता येतो का, एवढंच विचारलं.

सेट आणि तिची देशपातळीवरची बहीण नेट, दोन्ही जरूर द्या. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७ हजार सुरू होतात, मग गणितच वेगळं. पण नुसती सेट म्हणजे पात्रता, नेमणूक नव्हे, आणि तीही महाराष्ट्र-गोव्यापुरती. मी पोरांना सीएचबीची शेवटची तारीख आधीच कॅलेंडरवर लिहायला लावतो. दोन वर्षं, वर एक दिवस नाही.

बाकीच्या चुका एका दमात

गणिताला घाबरून आर्ट्सला येणं आणि अर्थशास्त्र घेणं. एम.ए.ला इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र, दारात उभं असतं.

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आणि समाजशास्त्रातलं एम.ए. एकच समजणं. संस्थांच्या जाहिरातीत 'एमएसडब्ल्यू' लिहिलेलं असेल तर तुमचं एम.ए. बाजूला पडतं.

महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज मुदत संपायच्या रात्री भरणं. यावर मी आता बोलत नाही.

खासगी विद्यापीठासाठी डोळे झाकून कर्ज काढणं. सहा लाख, दहा टक्के व्याज, सात वर्षं: हप्ता जवळपास दहा हजार. शिकत असतानाही व्याज चढतच असतं, ते वेगळं. पहिल्या नोकरीच्या पगारातून तो हप्ता जाईल का, हे सही करण्याआधी बघा.

"बी.ए. सोपं, बाजूला स्पर्धा परीक्षा." यूपीएससी मुख्य परीक्षेच्या १७५० लेखी गुणांत ५०० वैकल्पिक विषयाचे असतात, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. म्हणजे तीन वर्षं विषय खरंच वाचला असेल तर तो कामाला येतो. आदल्या रात्री गाइड घोकणाऱ्यांना नाही.

परवा एकाने एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरबद्दल विचारलं, "सर, पंधरा दिवसांत एसपीएसएस येईल ना?" म्हटलं, बटणं दाबता येतील. पण 'घरात माणसं किती' हा प्रश्न विचारल्यावर बाई सांगते सहा, आणि त्यातला थोरला मुलगा दोन वर्षं भिवंडीला कामाला आहे, फक्त गणपतीला येतो. तू किती लिहिशील?

पोरगा म्हणाला, "सर, मी नंतर फोन करतो."