चार दिवसांत शांघाय कसं बघावं

शांघायला जायचं ठरलं की लोक आधी उंच टॉवरची तिकिटं शोधतात. तिकीट ऐन वेळीही मिळतं हो. अडतं ते फोनपाशी. तिथे भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळे पैसे फोनवरून घेतात. नोट देता येते, पण पहिल्याच सकाळी नूडल्सवालीला मी १०० युआनची नोट दिली, तर तिनं ती उलटसुलट करून बघितली, गल्ल्यात डोकावली आणि कपाळाला हात लावला. सुटे नव्हतेच. शेवटी मागच्या गिऱ्हाइकानं त्याच्या फोनवरून माझे पैसे भरले आणि माझ्याकडून काही घ्यायला साफ नकार दिला.

१. घरून निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधीच काढावा लागतो. यूट्यूबवर व्हिसाशिवाय २४० तास थांबू देणाऱ्या ट्रान्झिट सवलतीचं फार कौतुक चालतं, पण त्या देशांच्या यादीत भारत नाही. तारखा ठरवताना १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, १ मेची सुट्टी आणि चिनी नववर्ष टाळा, कारण तेव्हा अख्खा चीन फिरायला निघालेला असतो. ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर उत्तम. म्हणजे बऱ्याचदा आपली दिवाळीची सुट्टी बरोबर जुळते.

फोनवर अलीपे हे पैसे भरायचं अॅप घ्या, पासपोर्टनं ओळख पडताळून त्यात आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडा. हे घरीच करा, कारण ओटीपी यायला भारतीय सिम चालू लागतं. बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, तेही बघा. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर अलीपे जादा शुल्क घेत नाही, त्याहून मोठ्या खरेदीवर ३ टक्के लागतात. (१ युआन म्हणजे सुमारे १२-१३ रुपये.)

गूगल, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम तिथल्या इंटरनेटवर बंद असतात. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलंत तर सहसा चालतात, हॉटेलच्या वायफायवर मात्र नाही. नकाशासाठी अमॅप टाकून ठेवा आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवा. टॅक्सीवाल्याला रोमन अक्षरं दाखवून काही उपयोग होत नाही.

२. विमानतळावरून शहरात

पुडोंग विमानतळावरून मॅग्लेव्ह, म्हणजे रुळांना न टेकता चुंबकावर धावणारी गाडी, मिळते. ३० किलोमीटर, आठेक मिनिटं, तिकीट ५० युआन. त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलंत तर ४०. पूर्वी ती ताशी ४३१ किलोमीटर वेगानं धावायची, आता ३००. ती लोंगयांग रोडलाच सोडते, पुढे मेट्रो धरावी लागते. लोंगयांग रोडची मेट्रोलाइन २ थेट विमानतळावरूनही मिळते आणि खूप स्वस्त पडते, पण वेळ खाते. येताना मॅग्लेव्ह, जाताना मेट्रो, असं केलंत तर दोन्ही होतं. मेट्रोत शिरताना दर वेळी बॅग एक्सरेतून जाते, त्याला कंटाळू नका.

३. पहिली संध्याकाळ बंडवर

लाइन २ किंवा १० नं ईस्ट नानजिंग रोडला उतरा आणि गर्दी जाईल तिकडे चालत राहा. दहा-पंधरा मिनिटांत ह्वांगपू नदीचा काठ येतो. चिनी लोक याला वायतान म्हणतात, इंग्रजांनी ‘बंड’ म्हटलं, आणि तो शब्द त्यांनी भारतातूनच नेला. आपला बांध, तोच पुण्याच्या बंडगार्डनमधला बंड.

पुण्याचं नातं इथे संपत नाही. काठावर हिरव्या टोकदार छपराचं पीस हॉटेल आहे. १९२९ साली ते व्हिक्टर ससूननं बांधलं, तेव्हा त्याचं नाव कॅथे हॉटेल. त्याचे पणजोबा डेव्हिड ससून म्हणजे ससून रुग्णालयाला देणगी देणारे. त्यांची कबर पुण्यातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे. मुंबईहून चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारात या घराण्यानं अमाप पैसा केला. त्या पैशाचं रुग्णालय आपल्याकडे उभं राहिलं, अफू मात्र इकडे चीनमध्ये आली. ते हिरवं छप्पर बघताना मला हे विसरता येईना.

थोडं पुढे घुमटाची इमारत दिसेल. १९२३ साली ती हाँगकाँग अँड शांघाय बँकेसाठी बांधली. तिच्या घुमटात आतून आठ शहरांची मोझॅक चित्रं आहेत, त्यात लंडन-पॅरिसच्या पंगतीला कलकत्ताही बसलंय. शेजारी घड्याळाचा मनोरा असलेलं १९२७ चं कस्टम हाउस.

अंधार पडायच्या आधी पोचा. रात्री दहाच्या सुमारास दिवे मालवतात, त्यामुळे जेवून निवांत येऊ म्हणणारे फसतात.

४. दोन युआनची नाव

नदीत फिरायला रोषणाई केलेल्या क्रूझ आहेत, महागड्या. त्याऐवजी समोरच्या काठावर जायला स्थानिक लोकांची फेरी बोट घ्या, भाडं २ युआन. कुणालाही ‘लुन्दु’ म्हणून विचारा. सायकली, स्कूटर, बाजाराच्या पिशव्या, या सगळ्यांसोबत पाच-दहा मिनिटांत पलीकडे पोचता.

तिथे लुजियाझुईत तीन उंच टॉवर खांद्याला खांदा लावून उभे आहेत: ४२० मीटरचा जिन माओ, ४९२ मीटरचा वर्ल्ड फायनान्शियल सेंटर (लोक याला बाटलीचं ओपनर म्हणतात, बघाल तेव्हा कळेल) आणि ६३२ मीटरचा शांघाय टॉवर. शेवटच्याच्या ११८ व्या मजल्यावर जाता येतं, पण हवा स्वच्छ असेल तरच पैसे घाला. धुक्याच्या दिवशी वर जाऊन पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. मोत्यांच्या मण्यांसारखा ओरिएंटल पर्ल टॉवर खालूनच छान दिसतो.

५. जुन्या शहरात सकाळी लवकर

लाइन १० किंवा १४ वर युयुआन गार्डन स्टेशन. ही बाग मिंग काळातली, १५५९ मध्ये सुरू केलेली. दार उघडताच शिरा, अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते. भिंतीवरून सरपटणाऱ्या ड्रॅगनची नखं मोजा, पाच नखांचा ड्रॅगन फक्त बादशहाला शोभायचा. बाहेर तळ्यावर नागमोडी पूल आहे. भुतं म्हणे सरळच चालतात, म्हणून तो वाकडा बांधला. भोवतालचा बाजार मात्र नव्यानं सजवलेला आहे, तिथे खरेदी करू नका.

६. शनिवार-रविवारची दुपार

सगळ्यात जास्त मी रमलो ते पीपल्स पार्कमधल्या लग्नाच्या बाजारात. पायवाटेच्या कडेनं उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवलेल्या, प्रत्येकीवर चिमट्यानं अडकवलेला कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी, घर स्वतःचं की भाड्याचं. मुलं-मुली कुठेच नाहीत. आईबाप छत्रीमागे घडीच्या स्टुलावर बसून डबा खातात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळतात. आपलं वधू-वर सूचक मंडळ बागेत मांडल्यासारखंच. एका काकूंनी भाषांतराच्या अॅपवरून मला विचारलं, ‘मुलगा आहे? वय किती?’ चेहऱ्यांचे फोटो काढू नका, त्यांना आवडत नाही.

याच भागात आणि नानजिंग रोडवर गोड इंग्रजी बोलणारी तरुण मंडळी ‘आमच्यासोबत पारंपरिक चहा घ्यायला चला’ म्हणतात. जाऊ नका. हजारो रुपयांचं बिल येतं.

७. एक दिवस नुसतं चालायला

जुन्या फ्रेंच वसाहतीत वुकांग रोडवर जा. दुतर्फा झाडांची कमान, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, आणि कोपऱ्यावर जहाजाच्या पुढच्या टोकासारखी वुकांग मॅन्शन ही इमारत. ती १९२४ ची, लास्लो हुडेक या वास्तुकाराची. तिथून पाय नेतील तिकडे वळा.

८. शाकाहाऱ्यांसाठी

‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी. हे फोनवर चिनीत लिहून ठेवा, शिवाय ‘डुकराची चरबी नको, सुकी कोळंबी नको’ हेही जोडा, कारण तिथे नुसत्या भाजीतही दोन्ही पडू शकतात. नानजिंग रोडवरचं गोंगदेलिन हे उपाहारगृह १९२२ पासून निव्वळ शाकाहारी आहे. जेड बुद्ध मंदिरातल्या भोजनालयात वाटीभर मशरूम नूडल्स मिळतात, आणि बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे सोबत कांदा-लसूण न खाणारी मंडळी असतील तर त्यांचीही सोय होते. तिथे टेबलावर पाणी मागितलंत तर वाफाळतं येईल. थंड हवं असेल तर बाटली विकत घ्या.