शेळी कोंबडीचं खाद्य खाते? दार लहान करा

परसात दोन्ही एकत्र असली की शेळ्या आधी कोंबड्यांच्या भरड्यावर तुटून पडतात.

1. खुराड्याचं दार जेमतेम 10 इंच उंच-रुंद ठेवा.
2. खाद्याचं भांडं दारापासून तीन हात आत सरकवा. आमची शेळी गुडघे टेकून मान खांद्यापर्यंत आत घालते, म्हणून हे अंतर!
3. पाल्याची पेंढी दोरीने अधांतरी टांगा. गव्हाणीच्या काठावर कोंबड्या बसतात आणि चारा घाण करतात. मग शेळी त्याला तोंडही लावत नाही.

करडं मात्र या दारातून सहज शिरतात. ती लहान असेपर्यंत कोंबड्यांना आत कोंडूनच खायला घाला. शेळीने भरडा भरपूर खाल्ला आणि डावी कूस फुगली, तर लगेच पशुवैद्यक गाठा.