सुपरहिरोंचे नवे खंड घेताना आणि वाचताना या चुका टाळा

सिनेमा पाहून आलेला माणूस हौसेने बॅटमॅनचा किंवा स्पायडरमॅनचा जाडजूड खंड मागवतो, आणि आठवड्याभरात तक्रार येते: काही कळलं नाही, गोष्ट मध्येच संपली, निम्म्यात चित्रं बदलली, पैसे पाण्यात गेले. अलीकडच्या खंडांपैकी काही खरोखर टाकाऊ आहेत, त्यांची वकिली करायचं कारण नाही. पण माझ्या कानावर येणाऱ्या बहुतेक तक्रारी पुस्तकाच्या नसतात, निवडीच्या असतात. लोक हिरोचं नाव बघून पुस्तक घेतात, आणि या धंद्यात हिरोचं नाव ही मुखपृष्ठावरची सगळ्यात कमी उपयोगाची माहिती आहे. खंड म्हणजे महिन्याला निघणाऱ्या सुट्या अंकांचा गठ्ठा. म्हणून कोणी लिहिलंय, कोणी काढलंय आणि आत नेमके कुठले अंक आहेत, हे तीन प्रश्न आधी.

‘खंड १’ पाहून निश्चिंत होणं

‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ ही मालिका मार्व्हलने २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ साली पुन्हा अंक १ पासून सुरू केली. दर वेळी खंडांची मोजणीही नव्याने. म्हणजे एकाच हिरोचे, एकाच मालिकेचे ढीगभर ‘खंड १’ बाजारात फिरतायत: डॅन स्लॉटचे, निक स्पेन्सरचा, झेब वेल्सचा, जो केलीचा. गंमत म्हणजे २०२२ च्या मालिकेचा सहावा अंक हाच जुन्या मोजणीने नऊशेवा अंक आहे. अंकावर दोन्ही आकडे छापतात, आणि नवा वाचक दोन्हींकडे बघून डोकं खाजवतो.

‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मध्ये घोळ याहून मोठा. २००० साली ब्रायन मायकेल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी सुरू केलेल्या मालिकेत पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, शाळकरी पोरगा आहे. २०२४ साली जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांनी त्याच नावाने आणलेल्या मालिकेतला पीटर पस्तिशीच्या आसपासचा, मेरी जेनशी लग्न झालेला, दोन मुलांचा बाप आहे. दोन्ही वाचनीय आहेत, पण एक मागवून दुसरं हाती आलं तर चरफड होणारच.

साहसकथांच्या बाजूला कोनान या तलवारबहाद्दर रानटी वीराचं तसंच. त्याचे हक्क २००३ पासून डार्क हॉर्सकडे होते, मग मार्व्हलकडे गेले, आणि २०२३ पासून टायटन त्याच्या गोष्टी छापतंय. प्रत्येकाचा आपापला पहिला खंड.

सगळ्यात महागात पडणारा गोंधळ मात्र बॅटमॅन-सुपरमॅन छापणाऱ्या डीसीने घातलाय. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ हे नाव ते कित्येक वर्षं मोठ्या आकाराच्या, खोक्यात घालून येणाऱ्या श्रीमंती आवृत्त्यांना वापरत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ नावाची अगदी नवी मालिका सुरू झाली आणि तिचे खंड इतर कुठल्याही मालिकेसारखे साध्या आकारात निघाले. आता ऑनलाइन शोधात दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळून येतात. कोणी नवी गोष्ट शोधताना जुन्या गोष्टीची अवजड आवृत्ती मागवतो, कोणी भलामोठा ग्रंथ येणार म्हणून वाट बघतो आणि हातात बेताचा पेपरबॅक पडतो.

उपाय साधा आहे. खंडाच्या सुरुवातीला किंवा शेवटी हक्कांच्या माहितीचं पान असतं, मुंगीएवढ्या अक्षरातलं. त्यात हे पुस्तक कुठल्या मालिकेच्या कितव्या अंकापासून कितव्या अंकापर्यंत आहे आणि ते अंक कुठल्या साली निघाले, हे लिहिलेलं असतं. दुकानात असाल तर आधी ते पान उघडा. ऑनलाइन घेताना वर्णनात अंकांचे आकडे बघा. दिलेले नसतील तर विक्रेत्याकडे त्या पानाचा फोटो मागा. तोही देत नसेल तर पुस्तक दुसरीकडे बघा.

आधी ऐंशी वर्षांचा इतिहास वाचायला बसणं

बॅटमॅन १९३९ चा, सुपरमॅन १९३८ चा. हे सगळं वाचून मग नव्याकडे येऊ म्हणणारा माणूस नव्याकडे कधीच येत नाही. त्याची गरजही नसते. मार्क वेड आणि डॅन मोरा यांच्या ‘बॅटमॅन/सुपरमॅन: वर्ल्ड्स फायनेस्ट’चा पहिला खंड घ्या. गोष्ट थोड्या जुन्या काळात घडते, त्यामुळे आजच्या मुख्य मालिकांत कोण मेलं, कोण परत आलं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. मोराची माणसं पानावर उभी असली तरी धावत असल्यासारखी वाटतात. खलनायक नेझा मला फारसा भावला नाही. पण कोणी पहिलं पुस्तक विचारलं तर मी हेच सांगतो.

अ‍ॅब्सोल्यूट मालिकांनाही पूर्वपीठिका लागत नाही, उलट जास्त माहिती असली तर सुरुवातीला अडखळायला होतं. स्कॉट स्नायडर आणि निक ड्रागोटा यांच्या बॅटमॅनकडे ना हवेली, ना पैसा. बाप शिक्षक होता, आई जिवंत आहे, आल्फ्रेड बटलर नसून ब्रिटिश गुप्तहेर आहे. ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, अंगाने रेड्यासारखा, आणि छातीवरचं वटवाघूळ उपसलं की त्याची कुऱ्हाड होते. हे चित्र पहिल्यांदा पाहून हसू येतं, चार पानांनंतर येत नाही. लहानपणीच्या मित्रांचे प्रसंग मला मारामारीपेक्षा सरस वाटले. तरी बॅटमॅन, सुपरमॅन आणि वंडर वुमन या तीन सुरुवातीच्या मालिकांत माझी पसंती ‘अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन’ला. नरकात, सर्सी या चेटकिणीने वाढवलेली डायना, हाडांचा सापळा असलेला उडता घोडा, आणि हेडन शर्मनची पानांची मांडणी. असं पान दिसलं की मजकूर वाचायच्या आधी मी ते नुसतं बघत बसतो.

एका बैठकीत ‘संपवायला’ घेणं

आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीच्या वाचकाची कॉमिक्सशी ओळख इंद्रजालने करून दिली. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या त्या अंकांतून वेताळ आणि मँड्रेक मराठीतही भेटायचे. अंक हातात घेतला की बहुतेक वेळा गोष्ट त्यातच संपायची: चाचे आले, वेताळाने कवटीचा ठसा उमटवला, विषय मिटला. तीच अपेक्षा घेऊन आजचा खंड उघडला की चिडचिड होते, कारण आजचे लेखक गोष्ट खंडाच्या मापाने लिहितात. एका खंडात साधारण पाच-सहा अंक, आणि तेही बऱ्याचदा मोठ्या कथेचा पहिला तुकडा.

हा बदल किती मोठा आहे ते स्पायडरमॅनवरूनच बघा. १९६२ च्या पहिल्या गोष्टीत कोळी चावणं, गर्व, काकाचा खून आणि पश्चात्ताप, सगळं अकरा पानांत उरकलं होतं. बेंडिसने २००० मध्ये तेवढ्यासाठीच सात अंक घेतले. हिकमनच्या नव्या मालिकेत तर चौथ्या अंकात दोन जोडपी हॉटेलात जेवायला बसतात आणि जवळजवळ अख्खा अंक त्या टेबलाभोवतीच जातो. पीटर आणि मेरी जेन, समोर हॅरी ऑसबॉर्न आणि ग्वेन. मारामारी नाही. दोन्ही नवरे काहीतरी लपवतायत हे वाचकाला ठाऊक असतं, त्यामुळे साध्या गप्पाही ताणलेल्या वाटतात. ‘यात काही घडतच नाही’ अशी नावं ठेवली जातात ती याच अंकाला, आणि माझ्या मते पहिल्या खंडातला सगळ्यात पक्का अंक हाच आहे. खलनायकांची बाजू मात्र या खंडात पातळच राहते, तिथली तक्रार मान्य.

कंटाळा येत असेल तर दिवसाला एकच अंक वाचा. ही गोष्ट मुळात महिन्याला एक अंक अशी लिहिलेली असते. या अल्टिमेट मालिकेत तर दोन अंकांमध्ये कथेतलाही महिना सरतो. सहा अंक सलग गिळले की प्रत्येक अंकाच्या शेवटचा झटका बोथट होतो आणि मधली उजळणी खटकते.

‘सुपरगर्ल: वुमन ऑफ टुमॉरो’बद्दल वेगळी तक्रार येते: मजकूर फार. आहेच. टॉम किंगने ही गोष्ट रुथये नावाच्या मुलीच्या तोंडून सांगितली आहे. बापाच्या खुन्याचा सूड घ्यायला निघालेली ही पोर अलंकारिक, लांबलचक वाक्यांत बोलते. चौकटीतला मजकूर ओलांडून चित्राकडे धावणाऱ्याला ही आठ अंकांची गोष्ट लागत नाही. आणि बिल्किस एव्हलीच्या चित्रांवर नजर टाकून पान उलटणाऱ्याचंही तेच होतं, कारण परक्या ग्रहावरच्या बाजाराचं एक पान बघायलाच दोन मिनिटं जातात.

चित्रकार बदलला म्हणून फसवणूक समजणं

दर महिन्याला वीसेक पानं सतत काढत राहणं बहुतेकांना झेपत नाही, म्हणून मध्ये दुसऱ्याला घ्यावं लागतं. ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’चा चौथा अंक गॅब्रिएल वॉल्टाने काढलाय, आणि त्याची शांत रेघ त्या अंकातल्या जुन्या आठवणींना शोभते. हा बदल सांभाळून केलेला आहे. सगळीकडे तसं नसतं. एकाच अंकात तीन-तीन हात दिसले तर घाई झाली असं खुशाल समजा, आणि पुढचा खंड घेण्याआधी मुखपृष्ठावरची नावं ताडून बघा. टायटनच्या कोनानला मी इथे चांगले गुण देतो: जिम झबचं लेखन कायम, पहिल्या चार अंकांच्या खंडाला रॉबर्टो दे ला तोरेची राकट, सत्तरच्या दशकाची आठवण करून देणारी चित्रं, आणि चित्रकार बदलायचा तर तो नव्या कथेबरोबर बदलायचा.

मोबाइलवर चौकटीमागून चौकट वाचणं

स्नायडर आणि ग्रेग कपुलो यांच्या ‘कोर्ट ऑफ आउल्स’मध्ये बॅटमॅन चक्रव्यूहात अडकतो. तहानेने आणि भ्रमाने त्याचं डोकं फिरायला लागतं, आणि त्याबरोबर पानंही फिरतात: आधी आडवी, मग उलटी. वाचणाऱ्याला पुस्तक हातात गोल फिरवावं लागतं आणि कुठल्या दिशेला पान उलटायचं हेही क्षणभर कळेनासं होतं. ही छपाईची चूक नाही, पुस्तक बदलून मागू नका. २०१२ च्या या अंकाने मला आधुनिक बॅटमॅनची गोडी लावली असं म्हटलं तरी चालेल. पण मोबाइलवर स्क्रीन आपोआप फिरण्याची सोय चालू असली की तुम्ही फोन फिरवता, पानही तुमच्याबरोबर फिरतं, आणि सगळी करामत फुकट जाते. आधी ती सोय बंद करा.

टॉम टेलर आणि ब्रूनो रेडोंडो यांच्या ‘नाइटविंग’चा सत्त्याऐंशीवा अंक म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच सलग चित्र आहे. नाइटविंग, म्हणजे बॅटमॅनचा जुना साथीदार, शहरभर पळतोय आणि एकाच चित्रात पुनःपुन्हा दिसतोय. अ‍ॅपमध्ये एकेक चौकट मोठी करून दाखवणारी पद्धत असते, तिच्यात या अंकाचे तुकडे तुकडे होतात. टॅबलेट आडवा धरून दोन पानं एकदम बघा, किंवा सरळ छापील प्रत घ्या.

छापील घेतानाही आकार बघा. डीसीने २०२४ पासून छोट्या आकाराची, अमेरिकेत दहा डॉलरला एक सेंट कमी अशी स्वस्त मालिका काढली आहे. ‘कोर्ट ऑफ आउल्स’ त्यात मिळतं. लोकलमध्ये वाचायला झकास. मात्र नऊ चौकटींच्या घट्ट पानांची कॉमिक्स या आकारात डोळ्यांना त्रास देतात. चष्मा लागलेल्यांनी आधी एखादं पान चाळून बघावं.

बॅटमॅन आहे म्हणून लहान मुलाला देणं

वाढदिवसाला आठ वर्षांच्या भाच्याला ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ देऊ नका. त्यात कुऱ्हाडीने हात तुटतात. मागच्या कव्हरवर वयोगट छापलेला असतो, तो वाचा. डीसीच्या ब्लॅक लेबल शिक्क्याची पुस्तकं तर प्रौढांसाठीच असतात. भाच्याला जीन लुएन यांग आणि गुरिहिरू यांचं ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’ द्या. १९४६ च्या रेडिओ मालिकेवर आधारलेलं आहे, एका पुस्तकात गोष्ट पूर्ण होते, आणि मोठ्यांनी वाचलं तरी कमीपणा नाही.

‘आपला’ आहे म्हणून आंधळेपणाने घेणं

२००४ साली मुंबईतला स्पायडरमॅन आला: पवित्र प्रभाकर, मेरी जेनच्या जागी मीरा जैन, बेन काकांच्या जागी भीम काका. जीवन कांगने त्याला नेसवलेलं धोतर अजूनही सगळ्या कोळ्यांच्या गर्दीत उठून दिसतं. पण गोष्ट मूळ साच्यावर नावं बदलून बसवलेली आहे, आणि त्यातली मुंबई नुसती मागच्या पडद्यासारखी. २०२३ ची पाच अंकांची नवी मालिका यापेक्षा बरी, तरी मुंबईकर वाचकाला हवी ती मुंबई तिथेही सापडत नाही. मित्राकडून आणून वाचा.

मोठ्या घडामोडीचा अर्धाच भाग घेणं

हिकमनने २०१९ मध्ये एक्स-मेनची नवी घडी बसवली ती ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ टेन’ या सहा-सहा अंकांच्या दोन मालिकांतून. दुसरीच्या नावातलं इंग्रजी एक्स हे रोमन दहा आहे, म्हणून तसा उच्चार. या दोन्ही एकमेकींत गुंफून वाचायच्या असतात. आधी एक संपवून मग दुसरी वाचली तर पार गोंधळ उडतो. दोन्ही एकत्र छापलेला खंड मिळतो आणि त्यात अंक योग्य क्रमाने लावलेले आहेत, तोच घ्या. एरवी अशा घडामोडींना जोडून निघालेले पुरवणी अंक बिनधास्त वगळा.

आणि खंड बाजारातून संपलाय म्हणून कोणी तिप्पट भाव सांगत असेल तर थांबा. चाललेली पुस्तकं प्रकाशक पुन्हा छापतात, कधी जाड एकत्रित आवृत्तीत, कधी छोट्या आकारात. जाड आवृत्ती झोपून वाचता येत नाही, एवढं लक्षात ठेवून मागवा.