घरी फुलांची जिन मुरवताना या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात मोगऱ्याची जिन मुरत ठेवली होती. चार दिवसांनी बरणी उघडली, तर वास मोगऱ्याचा नव्हताच. रात्रभर पाण्यात पडून राहिलेल्या वेणीचा होता. जिन चांगली होती, मोगरा दारातलाच होता. चुकले ते दिवस. लोणचं जितकं मुरेल तितकं रुचतं, या सवयीने आपण फुलंही मुरत ठेवतो. पण ४२.८ टक्के अल्कोहोलची जिन पाकळीतला सुगंध पहिल्या काही तासांतच ओढून घेते. पुढे उतरतो तो फक्त तुरटपणा आणि पाल्याची कडवट चव.

म्हणून मोगऱ्याला एक रात्र पुरे. संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या की खुडा, हिरवे देठ काढा, लगेच जिनमध्ये घाला आणि सकाळी गाळा. वास कमी वाटला तर तीच फुलं आणखी ठेवू नका. त्याच जिनमध्ये दुसऱ्या संध्याकाळी ताजी फुलं घाला. गावठी गुलाबाला साधारण एक दिवस लागतो, पण बाराव्या तासाला चमचाभर चाखून बघाच. पाकळीच्या बुडाशी असलेला पांढरा भाग कडू असतो, तो कात्रीने उडवा. पाकळ्या जिनच्या वर तरंगत राहिल्या तर काळ्या पडतात, त्यामुळे बरणी अधूनमधून हलवा.

जास्वंदीचा घोळ

सगळ्यात जास्त बरण्या इथे वाया जातात. पाककृतीत ‘हिबिस्कस’ लिहिलेलं असतं आणि आपण कुंपणावरची लाल जास्वंद तोडून आणतो. दुसऱ्या दिवशी चमचा बुडवून वर उचला: चिरलेल्या भेंडीला सुटते तशी तार चमच्यावरून खाली लोंबते. भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, बुळबुळीतपणा दोघींच्या अंगचाच. ती तार गाळणीतून जात नाही, फडक्यातूनही धड जात नाही. बहुतेक पाककृतींना हवी असते ती लाल अंबाडी. तिच्या फुलाखालची मांसल, आंबट बोंडं वाळवून वापरतात. ७५० मिली जिनला दोन मोठे चमचे सुकी बोंडं घाला आणि दिवसाच्या आत गाळा. रंग माणकासारखा येतो, आंबटपणाही छान उतरतो.

गोकर्णाचं उलट आहे. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नाही, मिळतो तो निळा रंग, आणि तो तास-दोन तासांतच येतो. दहा-पंधरा फुलं पुरतात. ग्लासात टॉनिक वॉटर किंवा लिंबू पडलं की निळ्याचा जांभळा, मग गुलाबी होतो. ते बिघडलेलं नसतं, आंबटाने रंग तसाच पालटतो. निळा टिकवायचा असेल तर बाटलीत लिंबू घालू नका आणि बाटली कपाटात ठेवा. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात खिडकीत ठेवलेल्या बाटलीचा रंग उडायला फार दिवस लागत नाहीत.

फुलं कुठून आणता?

अंबाबाईच्या देवळाभोवती फुलांचे ढीग बघून मोह होतो, मलाही झाला होता. पण ती फुलं हारासाठी पिकवलेली असतात, खाण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर औषध कधी मारलं, हे विकणाऱ्या मावशींनाही ठाऊक नसतं. पाण्याने धुऊन सगळं औषध जात नाही, आणि उरलेलं जिनमध्ये उतरू शकतं. पॉलिहाऊसमधल्या डच गुलाबाचंही तेच, वर त्याला वासही नसतो. स्वतःच्या कुंडीतली फुलं घ्या किंवा गुलकंदासाठी गुलाब लावणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणा. सुक्या पाकळ्या घ्यायच्या तर काष्ठौषधीच्या दुकानातून, खायच्या आहेत असं सांगून.

आणि वास गोड म्हणून फूल खाण्याजोगं ठरत नाही. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, रुई, सदाफुली आणि रातराणी ही सगळी विषारी आहेत. रातराणीबद्दल मुद्दाम सांगते, कारण तिच्या वासाने भलेभले फसतात. फूल ओळखीचं नसेल तर बरणीपर्यंत नेऊच नका.

पावसाळ्यात मी हा उद्योग करत नाही. जूननंतर फुलं पाण्याने जड झालेली असतात, आत किडे असतात, आणि ते पाणी जिनला पातळ करतं. करायचंच असेल तर फुलं सुती फडक्यावर पसरून पंख्याखाली कोरडी करा.

गढूळ झाली तर

पाणी किंवा बर्फ घातल्यावर दुधट झाली तर घाबरू नका. जिनला तिची चव देणाऱ्या ज्युनिपरच्या फळांतलं तेल पाण्यामुळे वेगळं होतं, त्याने अपाय नाही. बाटलीतच गढूळ असेल तर पाकळ्यांचा चुरा असतो. आधी मलमलीतून, मग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा. फडकं पिळू मात्र नका, कडवटपणा तिथूनच येतो. फेस, बुळबुळ किंवा आंबूस वास आला तर ओतून द्या.

गोडीसाठी गूळ घालावा असं कोल्हापूरकराला वाटणारच. मी घालून पाहिला. गुळाची चव गुलाबाला पार झाकते, वर रंग चहासारखा होतो. साखरेचा पातळ पाक घ्या, तोही ग्लासात.

हे सगळं दुकानातून बिलावर घेतलेल्या जिनमध्येच करा. घरी दारू गाळणं गुन्हा आहे आणि हातभट्टीत मिथेनॉल असण्याचा धोका खराच आहे. महाराष्ट्रात अशा कडक मद्याला वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि पिण्याचा परवाना लागतो. घरी मुरवलेली बाटली विकताही येत नाही.

नवीन फूल असेल तर आख्खी बाटली पणाला लावू नका. काचेच्या छोट्या बरणीत २०० मिली घ्या, झाकणावर चिठ्ठी चिकटवून फूल, तारीख आणि वेळ लिहा आणि दर तीन तासांनी चाखा. चव जमली त्या तासाला लगेच गाळा, आणि तो तास चिठ्ठीवर लिहून ठेवा.