आरोग्य विम्याचा अर्ज फेटाळला जाऊ नये म्हणून

मी एजंट नव्हे. पण फोंड्याला आमच्या वाड्यावर कुणालाही आरोग्य विमा काढायचा झाला की फॉर्म माझ्याकडे येतो. आधार, पॅन, फोटो, पत्ता हे तुम्ही भराल. उंची-वजन मात्र मोजून लिहा, लग्नाच्या वेळचे नको. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर ते चालू ठेवा. पण तिथे तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाख एवढीच मर्यादा आहे.

खरा घोळ होतो तो आजारांच्या पानावर.

माझ्या भावाच्या फॉर्मवर एजंटाने सगळीकडे ‘नाही’वर टिकल्या मारल्या. ‘गोळी चालू आहे म्हणजे बीपी कंट्रोलमध्ये, मग लिहायचं कशाला?’ हे त्याचे तर्कशास्त्र. मीही गप्प बसलो. कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारल्यावर भावाने भाबडेपणाने गोळीचे नाव सांगितले आणि अर्ज परत आला. बीपीसाठी कदाचित हप्ता थोडा वाढवून त्यांनी घेतलेही असते, पण फॉर्म एक बोलतो आणि माणूस दुसरे, म्हटल्यावर कोण घेणार? वर पुढच्या कंपनीच्या फॉर्मवर प्रश्न होताच: ‘यापूर्वी कुणी विमा नाकारला आहे का?’ तिथे ‘हो’ लिहावे लागले. म्हणूनच एकदम चार कंपन्यांकडे अर्ज टाकू नका.

तेव्हा ते पान स्वतः भरा. प्रत्येक आजारापुढे कधीपासून, कोणती गोळी, किती डोस, हे लिहा. गोमेकॉचा (गोवा मेडिकल कॉलेजचा) किंवा तुमच्या डॉक्टरांचा केस पेपर, डिस्चार्ज कार्ड आणि अलीकडचे रिपोर्ट जोडा. नुसता ‘डायबेटिस’ हा शब्द वाचून कंपनी घाबरते. सोबत आटोक्यातला एचबीएवनसी दिसला की विचार करते. आणि तपासणीच्या आदल्या रात्री उपाशी राहून तो आकडा सुधारत नाही, त्यात साधारण तीन महिन्यांची साखर दिसते. चतुर्थीच्या नेवऱ्यासुद्धा. दारूच्या रकान्यात ‘कधीकधी’ लिहून उर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, मोसम लपेलच असे नाही. यकृताच्या चाचण्यांतून संशय येऊ शकतो.

‘लपवा, पाच वर्षांनी कुणी विचारत नाही’ हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजू नका. सलग 60 महिने झाल्यावर माहिती लपवल्याचे कारण काढून क्लेम नाकारता येत नाही हे खरे. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण उरत नाही, आणि त्या 60 महिन्यांत इस्पितळात जायची पाळी आली तर? उलट खरे सांगितलेल्या जुन्या आजाराच्या क्लेमसाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते.

नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर बरे झाल्याचा डॉक्टरांचा दाखला मिळेपर्यंत अर्जच करू नका. तरीही नकार आला तर कारण लेखी मागा. फोनवर सांगितलेले धरू नका. पॉलिसी हातात आल्यावर जोडलेला फॉर्म वाचून काढा. भलतेच काही छापले असेल तर लगेच लेखी कळवा. पॉलिसीच नको वाटली तर परत करायला 30 दिवस मिळतात.