लायकोपोडियम ओळखायचं तर आधी शेंडा बघा

बेळगावात होमिओपॅथीच्या दुकानात मी २२ वर्षं गोळ्यांच्या बाटल्या भरल्या. पोट फुगतंय म्हणून आलेल्यांना लायकोपोडियम किती वेळा दिलं, त्याची मोजदाद नाही. पण ते झाड असतं कसं, हे पन्नाशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आणि पहिल्यांदा ओळखलं तेही चुकीचं.

जांबोटीच्या पुढं ओढ्याकाठी, अंजनी-जांभळीच्या गर्द सावलीत नेच्यासारखं काहीतरी पसरलेलं दिसलं. झालं, फोटो काढून घरच्या ग्रुपवर पाठवूनही दिला, वर ‘सापडलं!’ म्हणून. ती निघाली सेलाजिनेला. भावकीतलीच, पण घर वेगळं.

म्हणून आधी हा फरक बघून घ्या. फांदी तळहातावर ठेवा. इस्त्री मारल्यासारखी चपटी असेल, दोन्ही कडांना मोठी पानं आणि वर मधोमध बारक्या पानांच्या दोन रांगा असतील, तर आपल्या भागात ती बहुतेक सेलाजिनेलाच. मी सांगतेय त्या, लायकोपोडियमच्याच कुळातल्या झाडाची पानं सगळी एकसारखी, सुईसारखी, ३ ते ५ मिलिमीटरची, देठाला चहूबाजूंनी लागलेली. बाटली धुवायचा ब्रश असतो ना, तस्सं. शेवाळाशी घोटाळा व्हायचं तर कारणच नाही. शेवाळ कुठं हातभर उंच उभं राहतंय?

आता शेंडा. प्रत्येक बारक्या फांदीच्या टोकाला फिकट पिवळसर, सेंटीमीटरच्या आतबाहेर लांबीची बोंडी लोंबते. बोंडी वर बघत नाही, खाली मान घालते. या जातीचं नाव लायकोपोडिएला सर्नुआ. लॅटिनमध्ये सर्नुआ म्हणजे मान झुकवलेली. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली हे नाव दिलं, तेव्हा ती लायकोपोडियमच्याच घरात होती. नंतर विद्वानांनी घर बदललं, मान काही बदलली नाही. दिवाळीनंतर जाऊन बोंडीवर टिचकी मारा, पिवळी धूळ उडते. ती बी नव्हे, बीजाणू. सेलाजिनेलाचे बीजाणू लहान आणि मोठे असे दोन तऱ्हेचे असतात, हिचे एकाच तऱ्हेचे.

शोधायचं कुठं? रानाच्या पोटात नको, कडेला. मला ती कणकुंबीच्या पुढं, चोर्ल्याकडं उतरताना रस्त्यासाठी कापलेल्या जांभ्याच्या दरडीवर दिसली. वरून पाणी झिरपत होतं, समोरून ऊन. जांभ्यात अॅल्युमिनियम भरपूर. पुष्कळ झाडांना ते सोसत नाही, ही मात्र अंगात साठवून घेते. खालचा देठ दरडीवरून कमान टाकत सरकतो आणि कमान जिथं टेकते तिथं मूळ धरते. म्हणून एक दिसलं की हातभर अंतरावर दुसरं असतंच.

तिथं म्हशी राखणाऱ्या मामांना नाव विचारलं. ‘त्येला कसलं नाव, बाई? गुरं तोंड लावीत न्हाईत.’

मी एक मुळासकट उपटून आणलं. कुंडीत जांभ्याची माती, रोज दोनदा पाणी. १५ दिवसांत काड्या झाल्या. नंतर वाचलं की या कुळाचं मातीतल्या बुरशीशी साटंलोटं असतं, विशेषतः बीजाणूतून नवं झाड उठताना. कुंडीत ती सोय कुठली? आणि याच भागातल्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर काहीच तोडू नका, तो गुन्हा आहे.

आणखी एक. आमच्या दुकानातलं औषध लायकोपोडियम क्लॅव्हेटम या थंड मुलखातल्या बहिणीच्या बीजाणूंचं. तिच्या बोंड्या लांब दांड्यावर ताठ उभ्या. ती पूड तेलकट असते, पाण्याला धरत नाही. पूर्वी गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून वरून भुरभुरायचे. तेव्हा दरडीवरचं झाड घरी आणून काढा करत बसू नका. भिंग मात्र न्या. दहापट मोठं दाखवणारं असलं की बोंडीचे खवले एकेक मोजता येतात.